चित्रओळ आणि चित्रवर्णन

प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र, लघुनिबंध, इतकेच काय पण खासगी पत्रव्यवहार, या सर्वांची मराठीत आस्थेने चिकित्सा झालेली आहे. गेल्या तीसएक वर्षांत मात्र एक अगदी छोटा गद्यप्रकार जन्मास आला असून त्याच्याकडे वाङ्मयीन दृष्टीने कोणी पाहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. हा प्रकार लिहिण्याची जबाबदारी साहित्यिकांवर क्वचितच येते. ती येते कचेऱ्यांत बसून मसुदे घासणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांवर. दस्तऐवजात जेव्हा एखादे छायाचित्र, नकाशा वा आलेख घातला जातो, तेव्हा ज्याला ते चित्र दिसू शकत नाही अशा वाचकासाठी त्या चित्राच्या पोटात एक-दोन वाक्ये लिहून ठेवावयाची असतात. डोळस वाचकाला ती दिसत नाहीत. दृष्टिहीन वाचकाचे संगणकयंत्र ती त्याला वाचून दाखवते. संगणकाच्या परिभाषेत यास 'पर्यायी मजकूर' म्हणतात. मी त्यास चित्रवर्णन म्हणतो, कारण 'पर्यायी' या शब्दात एक प्रकारची दुय्यमता आहे आणि ती मला मान्य नाही.

हे साहित्य कसले, ही तर तांत्रिक बाब, असे कोणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी मीही तसेच म्हटले असते. माझे मत बदलले ते एका स्तंभालेखामुळे.

आमच्या शाखेत एक पूर्ण दृष्टिहीन सहकारी आहेत. मूळचे सीमाभागातले, घरी मराठी बोलणारे. त्यामुळे बेंगळुरूच्या कचेरीत आमचे सूत लवकर जमले. मी जयनगरला राहतो, तेही जवळच राहतात, तेव्हा येणेजाणे पुष्कळदा बरोबरच होते. गेल्या वर्षी वार्षिक अहवालाचे एक प्रकरण माझ्याकडे आले. चार तिमाहींतील प्रलंबित प्रकरणांचा एक स्तंभालेख मी मोठ्या हौसेने तयार केला आणि मसुदा तपासण्यासाठी त्यांच्याकडे पाठवला. थोड्या वेळाने ते माझ्या टेबलाशी आले. "तुमच्या सातव्या परिच्छेदानंतर यंत्र नुसते 'ग्राफिक' म्हणते आणि पुढे जाते. तिथे आहे काय?" मी सांगू लागलो : चार निळे स्तंभ आहेत, शेजारी चार नारिंगी, खाली तिमाहींची नावे, उजव्या कोपऱ्यात रंगांचा खुलासा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "रंग राहू द्या हो. त्यातून समजायचे काय, ते सांगा."

मला ते सांगता आले नाही. आलेख मीच काढला होता, आकडे मीच भरले होते. पण त्यातून काय समजावयाचे हे मी स्वतःस कधी विचारलेच नव्हते. पुन्हा नीट पाहिले तेव्हा ध्यानी आले की, पहिल्या तीन तिमाहींत प्रलंबित प्रकरणे उतरत गेली होती आणि चौथ्या तिमाहीत ती पहिल्या तिमाहीपेक्षाही वर चढली होती. सोबतच्या सात परिच्छेदांत या चढतीचा चकार शब्द नव्हता. तेथे 'समाधानकारक प्रगती' होती.

मी वर्णन लिहिले : "चार तिमाहींतील प्रलंबित प्रकरणांचा स्तंभालेख. पहिल्या तीन तिमाहींत संख्या उतरते; चौथ्या तिमाहीत ती वाढून वर्षारंभीच्या संख्येच्याही वर जाते." मसुदा वरिष्ठांकडे गेला आणि परत आला. आलेखास कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती माझ्या वर्णनातील दुसऱ्या वाक्याच्या उत्तरार्धास. 'इतके स्पष्ट लिहिण्याचे प्रयोजन काय?' असा शेरा होता. चित्र तसेच राहो, वाक्य तेवढे काढा.

या शेऱ्यावर मी दोन दिवस विचार केला आणि अजूनही करतो आहे. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली ती सावधगिरी होती. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसली. चित्र सांगते, पण जबाबदारी घेत नाही. वाक्याला कर्ता लागतो, क्रियापद लागते, आणि 'वाढली' असे क्रियापद एकदा लिहिले की ते कोणीतरी लिहिलेले असते. आपल्या अहवालांतून चित्रे ज्या वेगाने वाढत आहेत, त्या मानाने वाक्ये धीट होत नाहीत, याचे कारण मला येथे सापडते. जे लिहावयाचे नाही ते आपण काढून दाखवतो. डोळस वाचकाला त्यातले हवे तर कळते, नको तर कळत नाही. दृष्टिहीन वाचकाला मात्र ही मुभा नाही. त्याच्यापर्यंत काही पोहोचवावयाचे तर ते शब्दांतच म्हणावे लागते. म्हणून चित्रवर्णन हे संपूर्ण दस्तऐवजाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेते, असे मला वाटते.

(त्या वाक्याचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. उत्तरार्ध गेला. त्याऐवजी चारही तिमाहींचे आकडे वर्णनात घालण्याची मी अनुज्ञा मागितली आणि ती मिळाली. आकड्यांना क्रियापद नसते.)

या गद्यप्रकाराचा इतिहास लहान आहे. संकेतस्थळाच्या पानावर चित्र बसविण्याची खूण मार्क अँड्रीसन यांनी १९९३ साली सुचविली. १९९५ च्या प्रमाण-नियमांत त्या खुणेबरोबर पर्यायी मजकुरास जागा मिळाली आणि १९९७ साली ती सक्तीची झाली. त्या काळी पुष्कळांच्या यंत्रावर चित्र उमटतच नसे, हेही या सोयीमागचे एक कारण होते. म्हणजे आरंभी तरी ही सोय एकट्या दृष्टिहीनांसाठी नव्हती. १९९९ साली सुगम्यतेची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतले पहिलेच कलम चित्रास शब्दांचा जोड द्या असे सांगणारे होते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, २०१८ व २०२३ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम तर मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला सर्व मजकूर सुगम्य स्वरूपात असावा, असे कलम ४२ मध्ये म्हणतो. त्याच अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या असून त्यांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. एका हाताने आपण त्यांना शाखेत खुर्ची दिली आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यापुढे मुकी चित्रे ठेवली, असा हा प्रकार आहे. राजीव रतूडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आणि सुगम्यतेची मानके नुसती शिफारशीवजा ठेवणारा नियम अधिनियमाशी विसंगत ठरविला. तो निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या लेखणीतून उतरला, आणि तो दिवस त्यांच्या न्यायालयीन कारकिर्दीतला अखेरचा कामकाजाचा दिवस होता. 'करावे' आणि 'केले पाहिजे' यांतील भेद आपल्या वर्गाला समजावून सांगावा लागू नये.

मुक्या चित्रांत सर्वांत मोठे चित्र कोणते, हे येथे सांगून टाकतो. ते म्हणजे आपले परिपत्रक. संगणकावर अक्षरशः टंकलेले, कोणत्याही यंत्राला सहज वाचता येईल असे पत्र आपण कागदावर छापतो, त्यावर शाईची सही आणि गोल शिक्का घेतो, मग तो कागद स्कॅन करून पुन्हा संगणकात घालतो. या प्रदक्षिणेत मजकुराचे छायाचित्र होते. अक्षरे दिसतात, पण ती अक्षरे नसतात. दृष्टिहीन वाचकापुढे ते कोरे पान असते. सहीने अधिकृतता येते, हे खरे. परंतु मूळ मजकूर सोबत जोडण्यास कोणत्या सहीची आडकाठी आहे?

आता प्रकाराच्या लक्षणांकडे वळू. पुष्कळांचा समज असा की, चित्राखाली छापलेली ओळ म्हणजेच वर्णन. हा समज चुकीचा आहे. चित्रओळ ही चित्र पाहत असलेल्या वाचकासाठी असते. म्हणून ती दिसणारे सांगत नाही, न दिसणारे सांगते. 'मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन' ही ओळ आपण सर्वांनी शंभरदा लिहिली असेल. चित्र पाहणाऱ्याला तिचा अर्थ लागतो. चित्र न पाहणाऱ्याला तिच्यातून मान्यवर कोण, किती, समई कोठे, समोर श्रोते आहेत की रिकाम्या खुर्च्या, यांतले काहीच मिळत नाही. चित्रवर्णनास याच्या उलट जावे लागते. ते आधी दिसणारे सांगते, आणि दिसणाऱ्यांपैकी तेवढेच, जेवढ्यासाठी ते चित्र त्या पानावर आले आहे.

हे 'तेवढेच' ठरविणे, हाच सारा कसब. आणि आपल्या भाषेत हा कसब नवा नाही. तुकोबांनी विठ्ठलाच्या रूपाचा जो सर्वज्ञात अभंग रचला, त्याची मांडणी या दृष्टीने पुन्हा पाहावी. प्रथम मूर्ती कोठे आणि कशी उभी आहे ते येते : वीट, आणि कटीवर ठेवलेले हात. मग गळ्यातील तुळशीहार, कमरेचा पीतांबर. त्यानंतर कानांतील कुंडले आणि कंठीचा मणी. सर्वांत शेवटी, हे रूप मला का पाहावयाचे, ते. उभे राहण्याच्या ढबीपासून अलंकारापर्यंत, आणि अलंकारापासून प्रयोजनापर्यंत. पंढरपूरला जाणे ज्यांना जन्मात घडले नाही, अशा किती घरांतील म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो पांडुरंग त्या चार कडव्यांनी उभा केला असेल! मूर्तीची उंची किती, पाषाण कोणता, हे अभंगात नाही, आणि त्याची उणीव कोणाला भासलेली नाही.

संजयाचे उदाहरण वाचकांच्या मनात एव्हाना आलेच असेल. ते द्यावयाचे मी टाळत होतो, कारण ते फार सोपे आहे. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. धृतराष्ट्र नुसता ऐकत नाही. तो प्रश्न विचारतो, मध्ये थांबवतो, हळहळतो, पुन्हा विचारतो. संजयाचे वर्णन त्या प्रश्नांच्या मागोमाग चालते. आपल्या अहवालाच्या वाचकाला ही सोय नाही. तो चित्राला प्रश्न विचारू शकत नाही. म्हणून तो काय विचारील, याची कल्पना लिहिणाऱ्यालाच आधी करावी लागते.

याहून जवळचा पूर्वज म्हणजे आकाशवाणीवरील धावते वर्णन. बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत महाराष्ट्राने कानांनी क्रिकेट पाहिले. चेंडू कोणत्या बाजूने आला, फलंदाज पुढे सरसावला की मागे रेलला, क्षेत्ररक्षक कोठे होता, एवढे क्षणात सांगून वर धावसंख्या सांगावयाची. आणि त्यासाठी मराठी शब्द जागेवर घडवावयाचे. तेथे विशेषणांची उधळपट्टी करावयास वेळच नसे. चित्रवर्णन लिहिणाऱ्याने अनुकरण करावयाचे तर या परंपरेचे करावे.

केवळ तत्त्वे सांगून भागणार नाही, म्हणून एक नमुना देतो. बेंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हाचा मार्गांचा आराखडा घ्या. माझा पहिला प्रयत्न असा होता : "जांभळी रेषा डावीकडून उजवीकडे जाते, हिरवी रेषा वरून खाली येते, खालच्या बाजूस पिवळी रेषा उजवीकडे वळते." यात खोटे काही नाही. उपयोगाचेही काही नाही. कारण हे कागदाचे वर्णन आहे, शहराचे नव्हे. सहकाऱ्यांच्या टीकेनंतर ते असे झाले : "बेंगळुरू मेट्रोच्या तीन मार्गिका. जांभळी : पश्चिमेस चल्लघट्ट ते पूर्वेस व्हाइटफील्ड. हिरवी : वायव्येस मादावर ते दक्षिणेस सिल्क इन्स्टिट्यूट. या दोन्ही मॅजेस्टिक येथे मिळतात. पिवळी : हिरव्या मार्गिकेवरील आर. व्ही. रोड स्थानकापासून आग्नेयेस बोम्मसंद्रपर्यंत." जयनगरच्या रहिवाशाला आणखी एक वाक्य हवे : मॅजेस्टिकहून दक्षिणेस येताना जयनगर हे सहावे स्थानक, आणि पिवळ्या मार्गिकेसाठी त्याच्या पुढच्याच स्थानकावर उतरावयाचे. हे शेवटचे वाक्य डोळस वाचकांनाही आवडले, हे मुद्दाम नमूद करतो. नकाशा समोर असूनही आमच्यापैकी दोघांना ते त्यातून उमगले नव्हते.

या प्रकारातील दोष पुष्कळ आहेत. एक दोष गप्पपणाचा, तो सांगून झाला. दुसरा दोष वाचाळपणाचा. 'या नयनमनोहर छायाचित्रात आपणांस दिसत आहे की' येथून सुरू होणारे वर्णन ऐकताना यंत्राच्या त्या सपाट, घाईच्या आवाजात काय वाटत असेल, याची लेखकाने कल्पना करावी. शक्य तर ते ऐकून पाहावे. एनव्हीडीए नावाचे स्क्रीनरीडर, जे ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली लिहावयास घेतले, ते विनामूल्य मिळते. ते आपल्या यंत्रावर घालून, पडदा मिटून, आपलाच मसुदा एकदा ऐकावा. माझ्या दीर्घ वाक्यांविषयीचा माझा अभिमान त्या दिवशी बराच उतरला. (या लेखात तो पुरता उतरलेला नाही, हे दिसतच आहे.)

शोभेच्या चित्राचे वर्णन करू नये, असा या प्रकारातील एक मान्य संकेत आहे. पानाच्या कडेची वेलबुट्टी, कोपऱ्यातले कमळ, मथळ्यामागचा रंगीत पट्टा यांवर 'हे शोभेचे' अशी खूण करावी, म्हणजे यंत्र त्यावरून मुकाट्याने पुढे जाते. हा संकेत प्रामाणिकपणे पाळावयाचे ठरविले, तर आपल्या प्रकाशनांतील निम्मी चित्रे मुकी ठेवावी लागतील, असा माझा अंदाज आहे.

तिसरा दोष सूक्ष्म आहे. वर्णन करणारा जे स्वाभाविक समजतो ते तो सांगत नाही आणि जे अपवाद समजतो ते आवर्जून सांगतो. बैठकीच्या छायाचित्रात पाच पुरुष असतील तर 'पाच अधिकारी' आणि चार पुरुष व एक स्त्री असेल तर 'चार अधिकारी व एक महिला अधिकारी'. लिहिणाऱ्याच्या मनातला अधिकारी कोण, हे त्या एका शब्दाने फुटते. वर्णन तटस्थ असूच शकत नाही, असा आक्षेप यावरून घेतला जातो, आणि तो बरोबर आहे. परंतु त्यावरून वर्णन नकोच, हा निष्कर्ष निघत नाही. इतिहास तरी तटस्थ कोठे असतो? आपण तो लिहितो, त्यावर वाद घालतो, सुधारतो. चित्रवर्णनावर असा वाद अद्याप होत नाही, कारण ज्यांना ते दिसत नाही तेच वाद घालणारे आहेत.

अलीकडे हे काम यंत्राकडे सोपविण्याची सोय झाली आहे. फेसबुकने २०१६ पासून चित्रांची स्वयंचलित वर्णने देण्यास आरंभ केला. आपण नित्य वापरतो त्या मसुदालेखनाच्या साधनांतही ती शिरली. आणि आताची यंत्रे तर परिच्छेदच्या परिच्छेद लिहून देतात. घरी आलेले पत्र, औषधाची बाटली, दुकानातील पाटी यांसाठी ती दृष्टिहीनांना अतिशय उपयोगी पडतात, आणि त्यांना नाक मुरडणे हा डोळसांचा शिष्टपणा होईल. माझे सहकारी ती रोज वापरतात. परंतु माझ्या स्तंभालेखाचे वर्णन मी गंमत म्हणून यंत्राकडून करवून घेतले, तेव्हा त्याने स्तंभांचे रंग, संख्या, मथळा सारे बिनचूक सांगितले आणि 'एकंदर चढउतार दिसतो' असे म्हणून विषय संपविला. शेरा मारणाऱ्या वरिष्ठांना हे वाक्य निश्चित पसंत पडले असते. आलेख कशासाठी काढला हे यंत्राला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, पण मला ते ठाऊक असावयास हवे होते.

मराठीपुरती एक अडचण आणखी आहे. मजकूर युनिकोडात असेल तरच यंत्र तो वाचते. जुन्या टंकांत जुळविलेली आपली कित्येक पुस्तके व स्मरणिका पडद्यावर शुद्ध मराठी दिसतात आणि कानी पडते ती इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची अर्थशून्य माळ. अशा अंकांत चित्रवर्णनाचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे संपूर्ण अंकच एक चित्र असतो. मुंबईहून २००८ साली स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, त्यानंतर दृष्टिहीन वाचक मराठीत किती आतुरतेने वाचतो याविषयी कोणी शंका घेऊ नये. बोटांनी वाचावयाच्या अशा पानावर छायाचित्र टाकून वेळ मारून नेता येत नाही; जे सांगावयाचे ते शब्दांत सांगावे लागते.

आपल्या या मासिकाचा मागील दिवाळी अंक मी सहकाऱ्यांना रविवारी माधवन पार्कात बसून वाचून दाखवला. ईमेलने आलेली प्रत त्यांच्या यंत्राने उघडली खरी, पण कथा-कवितांच्या मध्ये चार ठिकाणी ते नुसते 'ग्राफिक' म्हणाले. मुखपृष्ठापासून आरंभ करा, असे त्यांनी सांगितले. मी म्हटले, दारात एक स्त्री उभी आहे, हातात तबक, तबकात पणत्या, मागे अंधार.

"दार उघडे आहे की लोटलेले?"

मी पुन्हा पाहिले. अंक घरी येऊन तीन आठवडे झाले होते. दार अर्धवट लोटलेले होते, आणि मागे अंधार नव्हता. आत कोणीतरी बसलेले होते, त्याची नुसती सावली चितारली होती. मग ती स्त्री बाहेर येते आहे की कोणाची वाट पाहते आहे, यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. आतल्या कथा त्या दिवशी राहूनच गेल्या.

संपादकांस विनंती एवढीच की, अनुक्रमणिकेच्या पानावर चित्रकाराचे नाव असते, त्याखाली मुखपृष्ठाचे चार ओळींचे वर्णन छापावे. जागेची अडचण असेल तर जाहिरातींच्या यादीतून ती काढता येईल. आणि ते वर्णन शक्यतो चित्रकाराकडूनच लिहवून घ्यावे. दार कोणी आणि का लोटले, हे त्यालाच ठाऊक असणार.